मामा की मामेभाऊ

शेवटच्या जोडीची नावं भोंग्यावरून पुकारली गेली आणि मांसाची ताटं वाहणाऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या.

"तोक्सान पैलवानांच्या वर्षाच्या जेवणाची शेवटची कुस्ती! उंटाची कुस्ती! एका बाजूला नारिनकोलचा एल्दोस, दुसऱ्या बाजूला यजमानांच्या घरचा मेदेत!"

कुलाशच्या हातातली वाटी कलंडली. वर्षभर ती ह्याच दिवसासाठी राबली होती. वर्षापूर्वी गेलेल्या नवऱ्याच्या, तोक्सानच्या, नावाने दोन घोडे कापले, पठारावर सहा तंबू उभे केले, कुणाला कुठलं मांस वाढायचं, कोणत्या पाहुण्याला उजवीकडे बसवायचं, सगळं तिने बोटांवर मोजून ठेवलं होतं. आयुष्यभर ज्याने माणसं पाठीवर पाडली त्याच्या जेवणाला कुस्ती हवीच, म्हणून बक्षिसाला उंटही आणला. एक गोष्ट मात्र तिच्या मनात आली नव्हती. बत्तीस पैलवानांतून गळत गळत शेवटी उरणार ते हे दोघंच, हे तिला कोण सांगणार? एक तिच्या लेकीचा लेक. दुसरा, जो चाळीस दिवसांचा असल्यापासून तिच्याच रजईत झोपला.

"थांबवा! अरे, थांबवा ते!" म्हातारा ऊसेन काठी उगारत रिंगणात शिरला. तोक्सानचा चुलतभाऊ, वस्तीत आता सगळ्यांत वडील. "शुद्धीवर आहात का? मामा भाच्याला आपटणार?"

भोंगा धरलेला तोलेगेन शाळेत खेळाचा मास्तर होता. "काका, ही कुस्ती आहे. मारामारी नव्हे."

"पाठीवर आपटणं म्हणजे काय मग, कुरवाळणं? भाच्यावर हात टाकणाऱ्या मामाचा हात जन्मभर थरथरतो. चमचा धरता येत नाही त्याला! माझ्या आजोबांनी पाहिलाय असा माणूस."

"पण मेदेत मामा कुठला?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "मामेभाऊ तो. झोमार्तचा मुलगा ना?"

"हळू. कुलाश ऐकेल."

"ऐकू दे की. आतेभाऊ-मामेभाऊ तर पाळण्यापासून एकमेकांना पाडतात. त्यांचे हात कुठे थरथरतात?"

"मामेभाऊ झाला तरी मामाच्याच घरचा!"

"अहो, पण लिहिलंय काय? कागदावर बाप कोण?"

"कागदावर तोक्सान."

"मग मामा!"

"पण रक्ताने झोमार्त."

"मग मामेभाऊ!"

दोन्ही पैलवान कमरपट्टे आवळून उन्हात उभे होते आणि माणसं त्यांचं नातं असं उलटसुलट करत होती, जसा मेंढ्यांच्या बाजारात एखादा जनावराचे दात बघतो, पुन्हा बघतो आणि वय काही सांगत नाही. शेवटी तोलेगेनने भोंगा खाली केला. "घरच्यांनी ठरवावं. तोवर पाहुण्यांना घोडीच्या दुधाचं कुमिस द्या."

*

कुलाशचा मुलगा झोमार्त घोडे बांधायच्या खांबाशी उभा होता. त्याच्या मनात वसंतापासून एक वाक्य तयार होतं. तालदीकोर्गानहून येताना गाडी चालवतानाही त्याने ते ओठ न हलवता म्हणून पाहिलं होतं. 'आई, वर्ष झालं, आता मेदेतला आमच्याकडे पाठव.' एवढंच वाक्य. पण मुलाला मागायचं त्याला चोवीस वर्षं जमलं नव्हतं.

मुलाचा पहिला मुलगा आजोबांचा, ही आपली रीत. तोक्सान स्वतः घोड्यावरून आला, बाळाला आपल्या कोटाच्या आत घेतलं आणि निघाला. तेव्हा झोमार्त बावीसचा होता. बापासमोर मान खाली घालून त्याने घोड्याचा लगाम धरला होता. गौखार आत चुलीशी होती. ती रडली असेल, नसेल. त्याने कधी विचारलं नाही. पुढे तीन मुली झाल्या. मुलगा एकच, आणि तो त्याला 'दादा' म्हणायचा. गौखारला 'वहिनी'. कुलाशला मात्र बाप आणि लेक दोघंही 'आई'च म्हणत.

"दादा!" ऊलझान, त्याची धाकटी बहीण, घाघरा सावरत येत होती. एल्दोस तिचा मुलगा. "तू इथे घोड्यांशी काय बोलतोयस? तिथे माझं नाक कापलं जातंय."

"तुझं? तुझ्या पोराला तर न लढता उंट मिळेल."

"तेच तर! माझी सासरची अठरा माणसं बसलीत त्या तंबूत. उंट असाच दिला तर काय म्हणतील? मामाच्या घरचं फुकटचं. माझी जाऊ हे वाक्य माझ्या मयतापर्यंत पुरवेल. मला कुस्ती हवी, दादा. हरला तरी चालेल माझा मुलगा, पण लढून हरू दे."

"मग आईला सांग."

"तू सांग. मेदेत तुझा मुलगा आहे असं सगळ्यांसमोर म्हण. मामेभाऊ ठरला की भांडण मिटलं." तिने त्याच्या बाहीला धरलं. "आज नाही बोललास तर कधीच बोलणार नाहीस. मी ओळखते तुला. तू बाबांसमोर जांभई द्यायलाही घाबरायचास."

झोमार्तने एकदा घोड्याकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. देवाने दार स्वतःहून उघडलं होतं. त्याला फक्त आत पाऊल टाकायचं होतं.

"चल," तो म्हणाला.

*

तंबूत कुलाश तोक्सानच्या रिकाम्या जागेच्या डावीकडे बसली होती. ऊसेन गालिच्यावर मांडी घालून धापा टाकत होता. दाराशी गौखार चहाची किटली घेऊन बसली होती. सून म्हणून तिची जागा तिथेच, आणि गेली पंचवीस वर्षं तिथेच.

"आई," झोमार्त म्हणाला. पुढचं वाक्य गेलं कुठे, त्याला कळेना.

"ये. तुझीच वाट बघत होते." कुलाशचा आवाज कोरडा होता. "तुझ्या बहिणीने तुला काय शिकवून पाठवलंय, तेही माहीत आहे मला. तेव्हा आधी माझं ऐक. मेदेत माझा मुलगा आहे. मी त्याला भरवलं, मी त्याला गोवर निघाला तेव्हा सात रात्री जागले. कागदावर तोक्सानचं नाव आहे. संपलं."

"संपलं कसलं?" ऊसेन म्हणाला. "मग तो एल्दोसचा मामा झाला. कुस्ती रद्द. उंट भाच्याला."

"होऊ दे रद्द."

"आणि तोक्सानचं काय?" ऊसेनने दाढी खाजवली. "शेवटच्या आठवड्यात मी त्याच्या उशाशी होतो, कुलाश. तूही होतीस. काय म्हणाला होता तो? माझ्या जेवणाला मेदेत लढू दे. शेवटच्या कुस्तीपर्यंत लढू दे."

हे कुलाश विसरली नव्हती. तिला वाटलं होतं, शेवटची कुस्ती म्हणजे कुणातरी परक्याशी. आता आपला मुलगा म्हणावं, तर मेलेल्याचा शब्द मोडतो. नातू म्हणावं, तर शब्द राहतो आणि रजई रिकामी होते. झोमार्तच्या डोळ्यांत वसंतापासून काय शिजतंय, ते काय तिला दिसत नव्हतं?

"आई, एकदा बोल ना," ऊलझान म्हणाली. "एक शब्द. नातू. त्याने काय तुझं प्रेम कमी होणार आहे?"

"तू तुझ्या सासरच्यांसाठी बोलतेस."

"हो, बोलते! आणि तू कुणासाठी बोलतेस? बाबांसाठी की स्वतःसाठी?"

"ऊलझान!" झोमार्त म्हणाला. बहिणीच्या बाजूने म्हणून आलेला तो नकळत आईच्या बाजूला सरकला होता.

बाहेर तेवढ्यात दोंब्रा वाजला. ताटकळलेल्या पाहुण्यांना गुंतवून ठेवायला तोलेगेनने गाणाऱ्या म्हाताऱ्याला बसवलं असावं. हा अंध म्हातारा गावोगावच्या जेवणांत बोधाची गाणी गाई. त्याचा आवाज कुमिसाच्या सुरईत बोलल्यासारखा घुमे, आणि तो दोन तारांवर बोट ठेवी तेव्हा भांडणारी माणसंही वाक्य अर्धं टाकत. आत्ताही तंबूत शब्द थांबले.

*बीज पेरणारा म्हणे, झाड माझे,*
*पाणी घालणारा म्हणे, झाड माझे,*
*झाड हसून आभाळाकडे वाढे.*
*अरे, लेकरू ही अल्लाची ठेव,*
*ना देणाऱ्याची, ना घेणाऱ्याची.*
*आज मांडीवर आहे तोवर मांडी दे,*
*उठून चालू लागलं की वाट दे.*

प्रत्येक कडव्यानंतर तो थांबे. त्या थांबण्यातच खरं सांगणं असे. त्या थांबण्यात कुलाशने आयुष्यात पहिल्यांदा हिशोब उलटा धरला. मी चोवीस वर्षं मांडी दिली. पण ज्याने मान खाली घालून लगाम धरला, त्याने चोवीस वर्षं काय दिलं? आणि त्याच क्षणी झोमार्तला आईचे हात दिसले. गुडघ्यांवर उघडे पडलेले, काही न धरलेले. बाबा गेले. आता हाही गेला तर ह्या बाईने हिवाळ्यात कुणासाठी चूल पेटवायची?

दोंब्रा थांबला.

"नातू आहे तो माझा," कुलाश म्हणाली. "झोमार्तचा मुलगा. लढू द्या त्यांना."

"आईचाच आहे तो," त्याच दमात झोमार्त म्हणाला. "माझा भाऊ. उंट एल्दोसला देऊन टाका."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"अरे दादा!" ऊलझानने कपाळावर हात मारला. "आत्ता बाहेर काय ठरलं? आत काय बोलतोयस?"

"तू गप्प बस. आई, तू असं नको म्हणूस. मी मागायला आलो होतो, खरंय. पण आता नाही मागत."

"मी देतेय ना! मागायला कोण सांगतंय तुला?"

"नको मला."

"नको? पोटच्या पोराला नको म्हणतोस?"

"तसं नाही गं आई..."

ऊसेनने काठी गालिच्यावर आपटली. "मघापर्यंत दोघं ओढत होतात, आता दोघं ढकलताय! माणूस आहे की तापलेली कढई? मी ब्याऐंशी वर्षांचा आहे. मला आधी समजत होतं ते आता समजेनासं झालंय."

दारावरचा नमदा बाजूला झाला आणि मेदेत वाकून आत आला. अंगात कुस्तीचं निळं जाकीट, खांद्यावर गवताच्या काड्या. इतका धिप्पाड, की तंबू अचानक लहान वाटला.

"आई, बाहेर सगळे विचारतायत. मी काय सांगू?" त्याने आळीपाळीने सगळ्यांकडे पाहिलं. "दादा?"

गौखारने त्याच्यासाठी वाटीत चहा ओतला, अर्धीच वाटी, मानाने ओततात तशी, आणि पुढे सरकवली. त्याने सवयीने "वहिनी, राहू दे" म्हटलं.

"आई म्हणते झोमार्तचा, झोमार्त म्हणतो आईचा," ऊसेन म्हणाला.

"म्हणजे कुणाचाच नाही?" मेदेत हसला. पण ते हसू तोंडावर नीट बसलं नाही, उसन्या टोपीसारखं. "काल रात्रीपर्यंत तर दोघांनाही मी हवा होतो. मी झोपलोय असं समजून तुम्ही दोघं स्वतःशीच किती कुजबुजता, माहीत आहे का तुम्हाला?"

*

शेवटी तोड ऊसेननेच काढली. मेदेतला मनगटाला धरून त्याने रिंगणात नेलं, भोंगा त्याच्या तोंडासमोर धरला आणि सगळ्या पठाराला ऐकू जाईल असं म्हणाला, "सात पिढ्यांचे बाप मोज! आपल्यात ज्याला सात बाप मोजता येत नाहीत तो अनाथ. तू अनाथ नाहीस. जिथून सुरू करशील, तो तुझा बाप. त्यावर कुणी बोलायचं नाही. मीसुद्धा नाही."

हे सगळ्यांना पटलं. तोक्सानपासून सुरू केलं तर सातवा येतो झापार. झोमार्तपासून सुरू केलं तर मोजणी एक पायरी आधीच, मालायपाशी थांबते. गर्दीतले म्हातारे बोटं दुमडून तयार झाले.

मेदेतने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने कुलाशकडे पाहिलं. मग झोमार्तकडे.

"अरे, पाठ नाही का तुला?" मागून एक जण ओरडला. "गाढवं किती ते तरी मोज!"

"तुझ्यापासून सुरू करू का?" मेदेत म्हणाला. लोक हसले. त्या हशाच्या आडोशाने तो बोलून गेला.

"झोमार्त. झोमार्तचा बाप तोक्सान. तोक्सानचा बायसाल. बायसालचा कोइलीबाय. मग शोमान. मग एसिरकेप. मालाय."

बोटं मालायपाशी थांबली.

आपलं नाव भोंग्यातून झोमार्तने कितीदा ऐकलं असेल, शाळेत, सैन्यात, कारखान्यात. पण ते असं पहिल्या पायरीवर ठेवलेलं कधी ऐकलं नव्हतं.

"हे तुला कुणी शिकवलं?" कुलाशचा आवाज बायकांमधून आला. ती तंबूबाहेर येऊन उभी होती.

"बाबांनी." मेदेतने भोंगा खाली केला. तो तोक्सानला 'बाबा' म्हणे. "घोडे चारताना. मी सात वर्षांचा होतो. मी म्हटलं, झोमार्त तर दादा आहे ना? तर म्हणाले, हाक मारताना दादा, मोजताना बाप. मोजताना खोटं बोलायचं नसतं. आणि आईला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल."

कुलाशने आभाळाकडे पाहिलं. वर्षभर जिच्या गळ्यातून मेलेल्या नवऱ्यासाठी रोज सकाळी विलापगीत निघालं, तिच्या तोंडून आता निघालं, "अरे कपटी म्हाताऱ्या! मला एकदा सांगितलं असतंस तर मी काय तुला खाल्लं असतं?"

शेजारची बाई दचकली. कुलाश रडते आहे की हसते आहे, तिला कळेना. बहुधा कुलाशलाही कळत नसावं.

"मामेभाऊ!" ऊसेनने निकाल दिला. "लढा!"

*

गौखार किटली हातात घेऊनच उभी राहिली होती. ती कुणाला दिसत नव्हती, आणि ते तिला सवयीचं होतं. आज दिवसभर बाप कोण, बाप कोण, एवढंच सगळे विचारत होते. सात बाप मोजून झाले, आणि त्यांत एकही बाई नव्हती. तिला त्याचा राग नव्हता. फक्त मघाशी अर्धी वाटी चहा तिथेच गार झाला होता, आणि तिच्या मनात सारखं येत होतं की पोराने घसा ओला केला असता तर बरं झालं असतं.

रिंगणात एल्दोसने दोन्ही हात पसरले. "ये मामा! की आता नाव घेऊन बोलवू? मी तुझ्याहून वर्षाने मोठा आहे, दादा म्हण मला."

"आधी पाड. मग म्हणतो."

त्यांनी एकमेकांची जाकिटं धरली, डोकं डोक्याला भिडलं. कमरेखाली हात घालायचा नाही, जमिनीवर लोळवायचं नाही. उभ्या माणसाने उभ्या माणसाला पाठीवर टाकायचं, एवढंच. दोघांचा गुरू तोक्सानच होता, म्हणून एकाचा डाव दुसऱ्याला आधीच कळे. मेदेतने टांग मारली, एल्दोसने पाय उचलला. एल्दोसने छातीवर ओढलं, मेदेत गुडघ्यावर आला आणि पुन्हा उभा राहिला. दुपारपासून तुडवलेलं गवत संपून खालची माती निघाली होती.

प्रेक्षकांची तऱ्हा विचारू नका. यजमानांनी कुणाच्या नावाने ओरडायचं? एका घशातून दोन्ही नावं निघत होती. ऊलझान आधी "एल्दोस!" ओरडली, मग मेदेत घसरला तेव्हा "सांभाळ रे!" ओरडली. तिच्या जावेने विचारलं, "तू कुणाच्या बाजूने?" ती म्हणाली, "मला बोलायला लावू नकोस." झोमार्तने तर डोळेच मिटले होते.

आणि मग मेदेतने उचल घेतली. चांगली उचल होती, तोक्सान असता तर "हां!" म्हणाला असता. पण उचलता उचलता त्याची नजर गर्दीत गेली. कुणाला शोधत होती, देव जाणे. एल्दोसला तेवढं पुरलं. तो हवेतच वळला. मेदेत पूर्ण पाठीवर पडला, एल्दोस वर, आणि धुळीचा एवढा लोट उठला की क्षणभर दोघंही दिसेनात.

"स्वच्छ विजय!" तोलेगेन ओरडला. उंटाचा दोर एल्दोसच्या हातात गेला आणि नारिनकोलच्या अठरा माणसांनी त्याला खांद्यावर घेतलं. ऊलझान हसत होती आणि नाक पुसत होती.

मेदेत उठून बसला होता. तो दोन्ही मुठींनी डोळे चोळत होता आणि माती आणखीच आत जात होती. झोमार्तने एक पाऊल टाकलं आणि थांबला. बापाने जायचं, की भावाने, की हरलेल्याजवळ कुणीच जायचं नसतं? कुलाशही पुढे झुकली. मग तिने शेजारी पाहिलं, किटली घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे, जणू ती आत्ताच तिथे उगवली होती.

"गौखार," ती म्हणाली, "बघतेस काय? जा."

"मी?"

"मग काय मी जाऊ? माझे गुडघे बघ. जा म्हणते ना."

पैलवान रिंगणात असताना तिथे बाई जात नाही. वडीलधाऱ्यांच्या देखत सून आपल्या लेकराला हात लावत नाही. गौखारला हे दोन्ही माहीत होतं. ती चालत गेली. लोक बाजूला झाले, काही जण बोलता बोलता गप्प झाले. ती त्याच्यासमोर मातीत गुडघ्यांवर बसली, आणि आता पुढे काय करायचं असतं, ते तिला अजिबात आठवेना. चोवीस वर्षांत विचारायला कुणी नव्हतं.

"कोण?" मिटल्या डोळ्यांनी मेदेतने विचारलं. मग वास ओळखून म्हणाला, "वहिनी? डोळ्यांत माती गेलीय गं."

"चोळू नकोस," गौखार म्हणाली. "वर बघ. वर बघ म्हणते ना."

तिने डोक्यावरच्या रुमालाचं टोक जिभेने ओलं केलं, आणि सगळ्या पठारासमोर त्याची हनुवटी आपल्या हातात धरली.